आजार सापडला कुठे, जडला कुठे

फौजेतून निवृत्त होताना शेवटचा मेडिकल बोर्ड होतो, त्याला रिलीज मेडिकल बोर्ड म्हणतात. त्याच्या फॉर्ममध्ये एक तक्ता असतो. आजाराचं नाव, मग तीन प्रश्न: हा आजार सेवेमुळे झाला का, सेवेमुळे वाढला का, की सेवेशी त्याचा संबंध नाही. शेवटचा रकाना कारणाचा. माझ्या फॉर्ममध्ये आजाराच्या नावापुढे 'प्रायमरी हायपरटेन्शन', म्हणजे उच्च रक्तदाब, लिहिलेलं होतं, पहिल्या दोन प्रश्नांपुढे 'नाही', तिसऱ्यापुढे 'होय' आणि कारणाच्या रकान्यात इंग्रजीत एकच ओळ. तिचा अर्थ असा: सुरुवात पीस स्टेशनमध्ये (म्हणजे शांत भागातल्या छावणीत), फील्ड (सीमेवरचा किंवा कारवाईचा भाग) किंवा हाय अल्टिट्यूडशी (उंच डोंगराळ भागाशी) नजीकचा कालसंबंध नाही. खाली अपंगत्वाचं प्रमाण ३० टक्के, आजीवन. त्याच्या शेजारी, पेन्शनसाठी धरायचं प्रमाण: शून्य, आजीवन.

म्हणजे आजार आहे, तो जन्मभर राहणार आहे, तो ३० टक्के आहे, हे सगळं मान्य. फक्त तो फौजेचा नाही. त्या एका ओळीशी मी चार वर्षं झगडलो. कळव्यात, दिव्यात, ऐरोलीत माझ्यासारखे कितीतरी माजी सैनिक भेटतात. त्यांच्या ट्रंकेत हाच कागद असतो आणि त्यांनी तो एकदाही नीट वाचलेला नसतो. मीही वाचला नव्हता, म्हणून सगळं लिहून काढतोय.

मी १९९७ साली भरती झालो, ड्रायव्हर म्हणून. २४ वर्षं गाडी चालवली. सप्टेंबर २०१४ ते ऑक्टोबर २०१६ लडाखमध्ये होतो. तिथे पोहोचल्यावर पहिले सहा दिवस अंगाला सवय होण्यासाठी ठेवतात, त्याहून वर जायचं असलं की पुन्हा चार दिवस, अजून वर गेलं की आणखी चार. ही काळजी फौज घेते आणि ती खरोखर घेते. पण त्यानंतरची दोन वर्षं तुमची तुम्हाला काढायची असतात. रात्री दोनला कॉन्व्हॉय निघायचा. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून रात्रीतून उठून गाडी चालू करून ठेवायची. ब्लॅक आइसवर चेन लावलेली गाडी उतारावर घसरायला लागली की ब्रेकवर पाय ठेवायचा नसतो, हे हातापायाला माहीत असतं, पण छातीला नसतं. ऑगस्ट २०१६ मध्ये मला डोक्याच्या मागच्या बाजूला ठणका लागायचा. सगळ्यांनाच लागतो म्हणून मी एमआय रूमला, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, गेलो नाही. मेडिकल कॅटेगरी, म्हणजे तब्येतीची श्रेणी, खाली आली तर गाडी सुटते आणि प्रमोशन अडतं, ही भीतीही होती. कॅटेगरी जाईल या भीतीने दुखणं अंगावर काढणारे माझ्यासोबत कितीतरी होते.

२० ऑक्टोबर २०१६ रोजी मी लडाख सोडलं. २१ पासून ३० दिवसांची सुट्टी. त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीला होती, ती मी कळव्याला घरी केली. मग ८ नोव्हेंबरला नोटा बंद झाल्या आणि उरलेली सुट्टी बँकेच्या रांगेत गेली. २० नोव्हेंबरला नव्या युनिटमध्ये, पीस स्टेशनला, हजर झालो. १ डिसेंबरला वार्षिक तपासणी होती. बीपी भरलं १६०/१०४. अर्ध्या तासाने पुन्हा घेतलं, तेवढंच. हॉस्पिटलात दाखल केलं, कॅटेगरी खाली आली आणि गोळी सुरू झाली ती आजतागायत चालू आहे.

तारखा इतक्या बारकाईने का सांगतोय, ते पुढे येईल. तेव्हा मला त्यांचं महत्त्व अजिबात कळलं नव्हतं.

मार्च २०२१ मध्ये बोर्ड झाला. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, दाराबाहेर दोन-दोन मीटरवर खुर्च्या. आत तीन अधिकारी. एकाने फाइल चाळत विचारलं, "बीपी कहाँ डिटेक्ट हुआ?" मी स्टेशनचं नाव सांगितलं. "पीस है ना?" "जी साहब." झालं. दोन मिनिटंही लागली नाहीत. मी खोटं बोललो नव्हतो आणि त्यांनीही खोटं लिहिलं नव्हतं. पण विचारलेला प्रश्नच चुकीचा होता, आणि त्याचं खरं उत्तर देऊन मी माझं नुकसान करून घेतलं होतं.

३१ जुलैला घरी आलो. ऑगस्टमध्ये पत्र आलं: अपंगत्व पेन्शनचा दावा नामंजूर, सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल. तोवर मी ऐरोलीत एका आयटी कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर म्हणून लागलो होतो. कळव्याहून ठाणे, तिथून ट्रान्स-हार्बर. रात्रपाळी असली की बीपी हमखास चढतं, पण नोकरी सोडून चालणार नव्हतं. मुलगी बीएस्सी नर्सिंगला होती आणि तिची फी होती.

पहिलं अपील मी स्वतः लिहिलं, तीन पानी. २४ वर्षं देशाची सेवा केली, बर्फात गाड्या चालवल्या, आता मुलीचं शिक्षण आहे, तरी सहानुभूतीने विचार व्हावा. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "अहो, यात तुमचं दुखणं कुठंय?" मी तिच्यावर चिडलो. ती बरोबर होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये उत्तर आलं, एका परिच्छेदाचं, आणि त्यात बोर्डाचीच ओळ पुन्हा टाइप केलेली होती.

आमच्या शेजारच्या बिल्डिंगमध्ये एक निवृत्त सुभेदार राहतात, साताऱ्याकडचे. त्यांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, "हवालदार, आधी तुझे सगळे मेडिकल कागद मागव. बोर्डाच्या सगळ्या पानांसकट. माहिती अधिकारात टाक, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लाव. कागद हातात नसताना अपील करायचं म्हणजे अंधारात नेम धरायचा." मी कळव्याच्या पोस्टात जाऊन पोस्टल ऑर्डर घेतली. दीड महिन्याने जाड पाकीट आलं. १९९७ च्या भरतीच्या तपासणीपासून शेवटच्या बोर्डापर्यंत सगळं.

रविवारी दुपारी आम्ही तिघं जमिनीवर बसलो आणि कागद तारखेप्रमाणे लावले. मुलगी एकेक बीपी वहीत उतरवत होती. १९९७, नॉर्मल. मग वर्षामागून वर्षं, नॉर्मल. जानेवारी २०१६ ची वार्षिक तपासणी, लडाखमध्येच झालेली: १२८/८४. नॉर्मल. पुढचा कागद १ डिसेंबरचा, १६०/१०४. तिने पेन थांबवलं आणि विचारलं, "बाबा, या दोन तारखांच्या मध्ये तुम्ही कुठे होता?"

मी बोटं मोजली. अकरा महिन्यांत नऊ महिन्यांच्या वर लडाखमध्ये. ३० दिवस घरी. नव्या युनिटमध्ये तपासणीआधीचे अकरा दिवस. बोर्ड म्हणत होता की माझा जन्मभराचा आजार त्या अकरा दिवसांत सुरू झाला.

त्याच गठ्ठ्यात डिसेंबर २०१६ चा इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट होता, मी कधीच न पाहिलेला. मुलीने तो दोनदा वाचला. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत थोडी जाड झाली आहे, १२ मिलिमीटर. ती म्हणाली, "आम्हाला शिकवलंय, बीपी बराच काळ चढलेलं राहिलं की ही भिंत जाड होते. जोर लावून लावून हाताचा दंड भरतो ना, तसं." दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन ठाण्यातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी शांतपणे पाहिलं आणि सांगितलं की भिंत नेमकी कधीपासून जाड होतेय याची तारीख कुणी देणार नाही, पण अकरा दिवसांत किंवा महिनाभरात हे होत नाही. मी विनंती केल्यावर त्यांनी तसं लेटरहेडवर लिहून दिलं. पाच ओळींचं ते पत्र माझ्या तीन पानांपेक्षा जास्त बोललं.

म्हणजे पुरावा लष्कराच्याच फाइलमध्ये होता. लष्कराच्याच डॉक्टरांनी, उत्तम मशीनवर, इमानदारीने तो नोंदवला होता. ज्यांनी मला तपासलं त्यांनी काम चोख केलं होतं. ज्यांनी ओळ लिहिली त्यांनी तो कागद उघडला नव्हता.

आता नियमांबद्दल. हे मला ठाण्यात प्रॅक्टिस करणाऱ्या वकील मॅडमनी समजावलं. त्यांचे वडील नौदलात होते, त्यामुळे भाषा एक होती. अपंगत्व पेन्शनच्या १९८२ च्या नियमांत सैनिकाच्या बाजूने एक गृहीतक होतं: भरतीच्या वेळी ज्या आजाराची नोंद नाही आणि ज्याच्यामुळे नंतर सेवा सुटली, तो सेवेतच उद्भवला असं सर्वसाधारणपणे धरायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात ह्याच आधारावर सांगितलं की सिद्ध करायचं ओझं सैनिकावर नाही, आणि बोर्डाने 'संबंध नाही' म्हणायचं तर कारणं लिहायला हवीत. मी खूश झालो. मॅडम म्हणाल्या, "थांबा. तुम्ही २०२१ ला निवृत्त झालात. तुम्हाला २००८ चे नियम लागतात. त्यात स्पष्ट लिहिलंय की भरतीची तपासणी मर्यादित असते, सुप्त आजार तिच्यात सापडेलच असं नाही, आणि आजार सेवेत दिसून आला एवढ्यावरून तो सेवेमुळे झाला असं होत नाही. धरमवीर सिंग आपण लावूच, पण सगळी भिस्त त्याच्यावर नको."

मग त्यांनी मेडिकल ऑफिसरांसाठीची मार्गदर्शिका काढली, २००२ ची, २००८ मध्ये सुधारलेली. आजार सेवेशी जोडायचा की नाही याचे वैद्यकीय निकष त्यात एकेका आजारानुसार दिलेले आहेत. उच्च रक्तदाबाच्या परिच्छेदात म्हटलंय की हा आजार सेवेमुळे 'झाला' असं म्हणणं कधीच योग्य नाही, सेवेमुळे 'वाढला' का एवढाच प्रश्न. आणि तो फील्डमध्ये, हाय अल्टिट्यूडला, बंडखोरीविरोधी कारवाईच्या भागात किंवा जहाजावरच्या दीर्घ सेवेत असताना उद्भवला तर वाढला असं धरायचं. मॅडमनी त्या वाक्यातल्या एका क्रियापदाखाली पेन्सिलने रेघ मारली. "इथे 'उद्भवला' आहे. 'आढळला' नाही. तुमच्या बोर्डाने दुसरा शब्द वाचलाय."

माझी अख्खी केस त्या रेघेत होती. साप चावला तर वेळ सांगता येते. बीपी दबक्या पावलांनी येतं. ते जडतं एका ठिकाणी आणि सापडतं दुसऱ्या ठिकाणी, आणि जवान तर दर दोन-तीन वर्षांनी ठिकाण बदलतो. शिवाय वार्षिक तपासणी बऱ्याचदा माणूस खाली पीसला आल्यावर निवांतपणे होते. म्हणजे आजार पीसमध्ये 'सापडणं' ही तपासणीच्या वेळापत्रकाची गोष्ट आहे, आजाराची नव्हे. निकष चांगला लिहिलेला असूनही तो असा वाचला तर डोंगरावरच्या माणसावर अन्याय होणारच.

फेब्रुवारी २०२३ मध्ये दुसरं अपील केलं, दोनच पानांचं. पहिल्या पानावर तारखांचा तक्ता, दुसऱ्यावर इको आणि डॉक्टरांचं पत्र. सहानुभूती हा शब्द एकदाही नाही. सहा महिने उत्तर आलं नाही. सशस्त्र बल न्यायाधिकरणाच्या कायद्यात सोय आहे की अपिलावर सहा महिन्यांत निर्णय आला नाही तर न्यायाधिकरणाकडे जाता येतं. आम्ही मुंबई खंडपीठासाठी अर्ज तयार करत होतो आणि तेवढ्यात, २१ सप्टेंबर २०२३ पासून अपंगत्व पेन्शनचे नवे नियम लागू झाले.

त्या आठवड्यात माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जे काही चाललं होतं, त्याने माझं बीपी खरोखरच वाढलं. बीपी-शुगरवाल्यांचं सगळं गेलं, जुन्यांचंही बंद होणार, वसुली होणार. एक जण तर म्हणाला, आता कोर्टात जाऊन वकिलाचे पैसे वाया घालवू नकोस. मी रात्रपाळीतूनच मॅडमना मेसेज केला. सकाळी त्यांचा फोन आला. नवे नियम आणि त्यांच्यासोबतची नवी मार्गदर्शिका त्या तारखेनंतर सेवा सोडणाऱ्यांसाठी आहे. आधी निवृत्त झालेल्यांना ती मागे जाऊन लागत नाही. माझी निवृत्ती २०२१ ची, म्हणून माझा आजार २००८ च्या मापानेच मोजला जाणार. "ग्रुप म्यूट करा आणि सही करायला या," एवढंच म्हणाल्या.

ऑक्टोबर २०२३ मध्ये अर्ज दाखल झाला. पुढे तारखा. समोरच्या बाजूने उत्तर यायला वेळ लागला, त्यात बोर्डाचीच ओळ होती, आणि बोर्ड हे तज्ज्ञ मंडळ असल्याने त्याचं मत अंतिम मानावं असं म्हटलं होतं. शेवटच्या सुनावणीला मी सकाळीच कळव्याहून निघालो. सोबत सुभेदार साहेब, मेडल लावलेला कोट घालून. मॅडमनी भाषण केलं नाही. दोन बीपी, दोन तारखा, अकरा दिवस आणि १२ मिलिमीटर. खंडपीठाने समोरच्या वकिलांना एकच विचारलं: हा इको रिपोर्ट बोर्डापुढे होता का? होता. मग बोर्डाने त्याबद्दल काही लिहिलंय का? नाही.

जानेवारी २०२५ मध्ये निकाल आला. आजार सेवेमुळे वाढला असं मान्य. ३० टक्के प्रमाण राउंड ऑफ करून ५० टक्के, आजीवन, निवृत्तीच्या दुसऱ्या दिवसापासून. हे राउंड ऑफ काय ते बऱ्याच जणांना माहीत नसतं: २० ते ४९ टक्के असेल तर ५० धरायचं, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. आणि पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यालाही हे मिळतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये राम अवतार खटल्यात स्पष्ट केलेलं आहे. २० टक्क्यांच्या खाली मात्र साधारणपणे काही मिळत नाही, म्हणून बोर्डाने किती टक्के लिहिलेत तेही बघा. प्रत्यक्ष पेन्शनचा आदेश स्पर्श या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर बदलून यायला जुलै उजाडला. थकबाकीतून मुलीच्या फीचं कर्ज फेडलं आणि रात्रपाळी सोडली.

माझं झालं. पण २०२३ नंतर निवृत्त होणाऱ्यांचा विचार मनातून जात नाही. पूर्ण सेवा करून येणाऱ्याला आता जे मिळतं त्याचं नाव 'इम्पेअरमेंट रिलीफ' आहे. नाव काहीही असो, वैद्यकशास्त्र पुढे जातं तसे निकष बदलायलाच हवेत, त्याला माझा विरोध नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ते कसे बदलले, कुठल्या अभ्यासावरून बदलले, हे जवानाला कळलं पाहिजे. मुलीने ऑस्ट्रेलियाचं वाचून दाखवलं. तिथे १९९४ पासून या कामासाठी पाच तज्ज्ञांचं स्वतंत्र मंडळ आहे. एकेका आजारासाठी सेवेशी जोडणारी कारणं लिहून ते जाहीर करतात, आणि नवा अभ्यास आला तर माजी सैनिक स्वतः फेरविचाराची मागणी करू शकतो. अमेरिकेने तर २०२२ च्या कायद्याने एजंट ऑरेंज या व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या विषारी तणनाशकाच्या संपर्कात आलेल्या सैनिकांसाठी हाच माझा आजार, उच्च रक्तदाब, सेवेशी जोडलेला धरला. व्हिएतनामचं युद्ध संपल्यावर जवळजवळ पन्नास वर्षांनी. उशिरा, पण अभ्यास बघून धरला.

आपल्याकडे मला दोन साध्या गोष्टी हव्यात. बोर्डाच्या फॉर्मवर 'आजार कुठे आढळला' याच्या शेजारी 'शेवटची नॉर्मल तपासणी कधी आणि कुठे' हा रकाना असावा. आणि उंचावरून खाली उतरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी मूव्ह ऑर्डर, म्हणजे निघण्याचा हुकूम, हातात देण्याआधी वरच व्हावी. चढताना सहा दिवस थांबवतो, उतरताना दहा मिनिटं थांबवायला काय हरकत आहे? दुसऱ्या गोष्टीसाठी नियम बदलण्याचीही वाट बघायला नको. माझा पुतण्या सध्या लेहच्या पुढे आहे. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला की पोस्टिंग आलीय, पंधरा दिवसांत खाली उतरतोय. मी म्हटलं, निघण्याआधी एमआय रूमला जा आणि बीपी मोजून घे.

"काका, मला काही होत नाहीये. साहेब विचारतील कशाला आलास."

"काही होत नाही असंच सांग. फक्त मोजा आणि माझ्या कागदावर लिहून द्या, म्हण."

दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: १३४/८८. मी लगेच फोन लावला आणि तारीख टाकलीय का विचारलं.

"टाकलीय, काका. जागेचं नावपण लिहून घेतलंय."